एम.टेक., थेट पीएच.डी. आणि ती रिझर्व्ह लिस्ट

परवापर्यंत मला कुणी "मग काय ठरलं?" विचारलं की मी खिशातला मोबाईल काढून बघायला लागायचो. लोकांना वाटायचं मेल आलाय का बघतोय. मेल बिल काही नसायचं, उत्तर टाळायला ते बरं पडायचं. आईला हे कळलं होतं, त्यामुळं ती विचारायचीच नाही, "आज बी न्हाई व्हय?" एवढंच म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची.

तर परिस्थिती अशी होती. मी मेकॅनिकलचा, बी.ई. बेळगावातूनच, व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं. शेवटच्या सेमिस्टरचे पेपर झालेत, रिझल्ट आज येतो उद्या येतो चाललंय. गेटचा, म्हणजे एम.टेक.साठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, स्कोअर बरा आला, म्हणजे मलाही तेवढा वाटला नव्हता, आणि त्याच्यावर एका आय.आय.टी.त मेटलर्जीकडच्या, म्हणजे धातुशास्त्राच्या, एम.टेक.ची सीट मिळत होती. दुसरीकडं बेंगळुरूला आय.आय.एस्सी.त, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, मटेरियल्स इंजिनिअरिंगला इंटरव्ह्यू दिला होता, तिथून थेट पीएच.डी.ची ऑफर आली. थेट म्हणजे मधलं एम.टेक. न करता बी.ई.वरून सरळ. आणि तिसरं, ज्याच्यामुळं हे सगळं लटकलं होतं, ते इरॅस्मस मुंडस. युरोपियन युनियनची स्कॉलरशिप, दोन वर्षांचं मास्टर्स, ते पण एका देशात नाही, किमान दोन देशांत फिरून करायचं, फी आपल्याला भरावी लागत नाही आणि वर महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. रुपयात केलं तर महिना सव्वा लाखाच्या वर जातं. विमानाचं तिकीट, व्हिसा, राहणं, खाणं सगळं त्यातच भागवायचं, पण तरीही.

त्यात माझं नाव रिझर्व्ह लिस्टला होतं.

रिझर्व्ह लिस्ट म्हणजे नापास नाही आणि पासही नाही. मेन लिस्टमधल्यांनी कुणी नको म्हटलं की खालच्याला बोलावतात. कुणी कधी नको म्हणेल ते त्यांनाही सांगता येत नाही, मला कुठून सांगणार. कुणीतरी ब्राझीलमधला नाहीतर व्हिएतनाममधला पोरगा सकाळी उठून "मी नाही जात" म्हणाला तर यळ्ळूरच्या एका घरात जेवणाचा बेत बदलणार, असला प्रकार होता. हो, यळ्ळूर, बेळगावजवळचं, तेच २०१४ च्या "महाराष्ट्र राज्य" लिहिलेल्या फलकाचं. गावाचं नाव सांगितलं की लोक पहिल्यांदा फलकाचंच विचारतात, आणि जुने लोक असले तर भाताचं.

आता घरातल्यांचा आणि गल्लीतल्यांचा हिशोब सरळ होता, युरोप मिळालं तर युरोप, नाहीतर आय.आय.टी., आणि पीएच.डी. म्हणजे काय ते कुणालाच नीट माहीत नाही. चंदगडचे काका परवा आले होते, त्यांनी "पीएच.डी. करून काय दिवे लावणार" हे वाक्य टाकलंच. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ते गाजल्यापासून आमच्याकडं प्रत्येक काकाला ते पाठ झालंय. गंमत म्हणजे काकांचाच मुलगा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करायचं म्हणतोय आणि सारथीच्या, म्हणजे मराठा समाजासाठीच्या महाराष्ट्र सरकारच्या संस्थेच्या, फेलोशिपवर डोळा ठेवून आहे. त्याला ती मागता येते, कारण तो महाराष्ट्राचा रहिवासी. मला नाही येत. आडनाव एक, जात एक, कुलदैवत एक, आणि आमच्या दोन घरांत अंतर तरी किती, एस.टी.नं तासाभराची गोष्ट, पण मधे बॉर्डर आहे. बी.ई.ला महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी टाइप-ई म्हणून अ‍ॅडमिशनची सोय तरी असते, फेलोशिपच्या वेळी रहिवासी दाखला काढायला सांगतात आणि आपण नाडकचेरीचा, म्हणजे इथल्या महसूल ऑफिसचा, कन्नड कागद घेऊन उभे. याच्यावर चिडून काही होत नाही हे मी बारावीलाच शिकलो. फायदा एवढाच झाला की सुरुवातीपासून ज्या परीक्षांना राज्य विचारत नाहीत तिकडंच बघत आलो, गेट, इरॅस्मस असलं.

पैशाचं आधी बोलून टाकतो, कारण लोक ते शेवटी बोलतात आणि ठरवतात मात्र त्याच्यावरच. एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४०० मिळतात. कित्येक वर्षं तेवढेच आहेत. मेस, हॉस्टेल, मोबाईल, गावाकडं दोन-तीन फेऱ्या, संपले. पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, हे आकडे २०२३ च्या जानेवारीपासूनचे, त्याआधी ३१ आणि ३५ होते आणि ते वाढवायला देशभरातल्या रिसर्च करणाऱ्या पोरांना रस्त्यावर यावं लागलं होतं. माझ्या दोस्ताला वाटतं मला ती "सत्तर हजारवाली" मिळणार. ती पी.एम.आर.एफ., म्हणजे प्राइम मिनिस्टर्स रिसर्च फेलोशिप, २०१८ च्या बजेटात आलेली, पहिली दोन वर्षं महिना ७०,०००. मिळाली तर देवच पावला, पण जे हातात नाही त्याचा हिशोब वहीत घालू नये. एक नसलेला हिशोब ऑलरेडी युरोपातून लटकत होता, त्यात दुसरा कशाला.

वेळेचं बघितलं तर कागदावर थेट पीएच.डी. स्वस्त दिसते. एम.टेक. दोन वर्षं, मग पीएच.डी. चार-पाच, म्हणजे सहा-सात, आणि थेट केली तर पाच-सहा. एक-दोन वर्षं वाचली असं सगळे म्हणतात. मला हे वाचणं अर्धवट खरं वाटतं, कारण बी.ई.वरून येणाऱ्याला कोर्सवर्क जास्त घ्यावं लागतं, एम.टेक.च्या पोरांबरोबर त्याच वर्गात बसून त्याच परीक्षा द्यायच्या, मग पुढं कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सगळ्यावरची एक मोठी परीक्षा. म्हणजे मास्टर्स गाळलं नाही, आतच टाकलंय, फक्त सर्टिफिकेट वेगळं मिळत नाही. काही संस्थांत मधे सोडावं लागलं तर कोर्सवर्कच्या जोरावर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं, काही ठिकाणी नाही. कुणी या चक्रात असेल तर ऑफर घेण्याआधी ही एक गोष्ट ऑफिसला लिहून विचारावी, सिनियरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये, कारण सिनियर सांगतो ते त्याच्या वर्षाचे नियम असतात.

आणि देशादेशाचं वेगळं. अमेरिकेत बॅचलरवरून सरळ पीएच.डी.ला घेतात, पाच-सहा वर्षं ठेवतात, मधे सोडलं तर बऱ्याचदा मास्टर्स देऊन पाठवतात. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन अशा ठिकाणी पीएच.डी. म्हणजे चक्क पगारी नोकरी असते, पण बहुतेक करून आधी मास्टर्स लागतं. म्हणून इरॅस्मसचा मोह. ते मास्टर्स झालं की तिकडची पीएच.डी. उघडते.

माझ्या मामेबहिणीचं बी.एस्सी. याच्यापेक्षा मजेशीर झालं. तिनं २०२१ ला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा कर्नाटकात नवीन शिक्षण धोरणाची चार वर्षांची डिग्री नुकती सुरू झाली होती. २०२२ च्या यूजीसी नियमांत चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला जाता येतं असं आलं, बाई खूश. मग सरकार बदललं, सुखदेव थोरातांच्या आयोगाचा अंतरिम अहवाल आला आणि २०२४ पासून नवीन पोरांना परत तीन वर्षांची डिग्री. तिच्या बॅचला चौथं वर्ष करायची मुभा होती, तिनं केलं, तिच्या मागून २०२४ ला आलेल्यांना तो रस्ताच नाही. आता ती पण माझ्यासारखीच एम.एस्सी. करू की थेट जाऊ करत बसलीय आणि रोज मला विचारते, जसं काय मी कुठं पोचलोय.

कॉलेजमधल्या सरांचं मत स्पष्ट होतं, "आधी एम.टेक. कर." कारण इंजिनिअरिंग कॉलेजच्या असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिरातीत बी.ई. आणि एम.ई., दोन्हींपैकी एकात फर्स्ट क्लास, असं छापून येतं, आणि तुझ्याकडं मधलं नसेल तर इंटरव्ह्यूच्या टेबलावरचा क्लार्कसुद्धा तुझी फाइल बाजूला ठेवेल. सर चुकीचं सांगत नाहीत. सरांना लेक्चररची नोकरी दिसते, कारण त्यांच्या वयाच्या माणसाला या भागात सुरक्षित म्हणून तीच दिसत आली. मी त्यांना म्हटलं सर, मला फाउंड्रीचं, लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, काम करायचंय. ते म्हणाले फाउंड्रीत तर तुझे वडील पण आहेत, त्याला पीएच.डी. कशाला पाहिजे.

अप्पा, म्हणजे वडील, उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात आहेत, मेल्टिंगला, मला कळतंय तेव्हापासून. एस.जी. आयर्नच्या, म्हणजे ज्यात ग्रॅफाइटचे बारीक गोळे असतात त्या लोखंडाच्या, कास्टिंग (ओतीव भाग) करतात, त्यात हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉड्या बऱ्याच. बाहेरचे लोक बेळगाव म्हटलं की कुंदा म्हणतात, पण तिसरं रेल्वे गेट ओलांडून सकाळी सातला उद्यमबागेच्या रस्त्याला एकदा उभं राहून बघा, बेळगाव कशावर चालतं ते कळतं. लहानपणापासून घरात मी एकच शब्द ऐकत आलो, रिजेक्शन. अप्पांचा मूड त्या दिवशीच्या रिजेक्शनवर. कास्टिंग वरून एकदम झकास दिसते, मशीनिंगला जाते, ड्रिल आत शिरतं आणि मधे बारीक बारीक पोकळ्या निघतात, नाहीतर प्रेशर टेस्टला तेल झिरपतं. एवढी मेहनत, एवढी वीज, आणि माल परत भट्टीत. पावसाळ्यात तर विचारूच नका, साच्याच्या सॅन्डमधलं (वाळूतलं) पाणी सांभाळता सांभाळता लोक वैतागतात.

माझा बी.ई.चा प्रोजेक्ट याच्यावरच होता. एस.जी. आयर्नची मजा अशी की पातळ लोखंड थंड होताना आकसतं, पण त्याच वेळी आतला ग्रॅफाइट बाहेर पडताना फुगतो. दोन्ही बरोबर जमलं तर फुगणं आकसण्याला भरून काढतं आणि रायझर, म्हणजे आकसणं भरून काढायला ठेवलेला जादा लोखंडाचा साठा, छोटा ठेवला तरी चालतं. पण साचा ढिला असला तर ग्रॅफाइट फुगताना साच्याची भिंतच मागं सरकते, सगळा फायदा गेला, आत पोकळी. हे पुस्तकात आहे. पुस्तकात जे मला सापडलं नाही ते असं की एकाच दिवशी, एकाच सॅन्डमध्ये, एकाच पॅटर्नवर, केमिस्ट्री पण जवळजवळ तीच, तरी एक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेलं लोखंड, चांगली जाते आणि दुसरी फसते, का? ओतायच्या आधी छोट्या कपात लोखंड घेऊन त्याचा थंड होण्याचा कर्व्ह काढतात, त्या कर्व्हमध्ये फसणारी हीट आधीच दिसते का? आम्ही कर्व्ह काढले, कास्टिंग कापल्या, पोकळ्या मोजल्या. अर्ध्या वेळा दिसलं, अर्ध्या वेळा नाही. प्रोजेक्टचे मार्क चांगले पडले, पण ते "अर्ध्या वेळा नाही" डोक्यात अडकून बसलं ते बसलंच. एस.जी. आयर्नचं पेटंट १९४९ सालचं आहे. एवढी वर्षं जग हे लोखंड ओततंय आणि उद्यमबागेत अजून पोरं कास्टिंग कापून बघतायत आत काय झालंय.

आय.आय.एस्सी.च्या इंटरव्ह्यूत पहिली दहा-पंधरा मिनिटं फेज डायग्रॅम, डिफ्यूजन असलं चाललं होतं, मेकॅनिकलवाल्याला जेवढं येतं तेवढं आलं. मग एकानं विचारलं, तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय? मी हेच सांगितलं, कपाचं आणि अर्ध्या वेळा न दिसण्याचं. तिथून पुढं ती परीक्षा राहिली नाही, तेच आपसात बोलायला लागले, एक म्हणाले नोड्यूल, म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे, किती मोजले होते, दुसरे म्हणाले मॅग्नेशियम दिल्यापासून ओतेपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवलं होतं का. ठेवलं होतं. अप्पांनी ठेवायला लावलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. गेला महिना मी वह्या भरल्यात, एका बाजूला हे एका बाजूला ते, पगार, वर्षं, देश, नोकरी. सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी एम.टेक. आणि पीएच.डी. यांची तुलना करतच नव्हतो. मी मेल आला तर आणि मेल नाही आला तर यांची तुलना करत होतो. मेल आला तर मास्टर्स श्रेष्ठ, पाया पक्का होतो, विषय बदलायला वाव मिळतो. मेल नाही आला तर थेट पीएच.डी. श्रेष्ठ, वेळ वाचतो, पैसे जास्त. म्हणजे माझं मत तिकडं कुठल्या तरी ऑफिसातली यादी ठरवत होती आणि मी त्याला नंतर कारणं जोडत होतो. हे सोडून, समजा तिन्ही आज हातात आहेत, पैसे पण सगळीकडं सारखेच, मग कुठं जाशील, असं स्वतःला विचारलं तर उत्तर यायला फार वेळ लागला नाही.

मास्टर्स कुणासाठी चांगलं, तर ज्याला विषय आवडतो पण नेमका प्रश्न अजून सापडला नाही त्याच्यासाठी. दोन वर्षं चार लॅब बघायच्या, चार लोकांबरोबर काम करायचं, मग ठरवायचं. मामेबहिणीला मी हेच सांगितलंय, तू एम.एस्सी. कर, कारण तुला केमिस्ट्री आवडते एवढंच तू सांगतेस, त्यातलं काय ते अजून सांगत नाहीस. तिला राग आला, पण दुसऱ्या दिवशी परत फोन केला. थेट पीएच.डी.ला दोन गोष्टी पाहिजेत, एक म्हणजे प्रश्न, तो कच्चा असला तरी चालेल, आणि दुसरं म्हणजे त्या प्रश्नात रस असलेला गाइड. गाइडचं तर पाच-सहा वर्षांचं नातं आहे, त्याच्या लॅबमधल्या जुन्या पोरांना फोन करून विचारल्याशिवाय हो म्हणू नये. मी विचारलं. एकानं तोंडभर कौतुक केलं, दुसरा म्हणाला माणूस चांगला आहे पण मेलला उत्तर देत नाही, केबिनच्या दारात उभं राहावं लागतं. हे मला चालण्यासारखं आहे. दारात उभं राहायची सवय नाडकचेरीनं लावलीय.

आणि युरोप? खरं सांगायचं तर मला युरोप बघायचाय. त्या मास्टर्समध्ये काय शिकवतात त्यापेक्षा पहिलं वर्ष इथं आणि दुसरं तिथं, हेच जास्त आवडलं होतं. ही काही वाईट गोष्ट नाही, बाविसाव्या वर्षी माणसाला जग बघावंसं वाटणारच. पण त्यांचे कोर्स परत नीट वाचले तर कास्टिंगचा, सॉलिडिफिकेशनचा, म्हणजे धातू गोठण्याचा, भाग अगदी थोडा, बाकी सगळं दुसरंच. दोन वर्षांनी मी परत कुठल्यातरी लॅबच्या दारात हाच प्रश्न घेऊन उभा राहिलो असतो.

एम.टेक.ची सीट मी सोडली. गेटच्या त्या कोॲपवर, म्हणजे ऑफर घ्यायच्या-सोडायच्या पोर्टलवर, तीन बटणं असतात, अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट आणि रिजेक्ट अँड वेट. पहिल्या राउंडला मी रिटेन अँड वेट केलं होतं, सगळेच करतात. पण जायचं नाही हे ठरल्यावर सीट धरून बसायला बरं वाटेना. रिझर्व्ह लिस्टवर बसून मी ज्या कुणाच्या "नाही"ची वाट बघत होतो तसाच कुणीतरी माझ्या "नाही"ची बघत असणार, धारवाडचा असेल, सोलापूरचा असेल.

आय.आय.एस्सी.चं हो कळवायची तारीख जवळ आली तरी माझं थोडं मागंपुढं चाललं होतं. वाटत होतं अजून दोन-चार दिवस थांबू, कदाचित युरोपचा मेल येईल, निदान आला असता तर नाही तरी म्हणता आलं असतं, त्यात पण एक मजा असते. रात्री जेवताना अप्पांना हे बोललो. ते आपलं भात कालवत होते. म्हणाले, "मॅग्नेशियम दिलेला लेडल धरून ठेवतोस काय? ओत की." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेडल म्हणजे पातळ लोखंड ओतायचं भांडं, ग्रॅफाइटचे गोळे व्हावेत म्हणून त्यात मॅग्नेशियम देतात, आणि मॅग्नेशियम १,०९० अंशांनाच उकळतं आणि लोखंड असतं १,४५० च्या वर, त्यामुळं दिल्या क्षणापासून ते उडून जायला लागतं, काही मिनिटांत ओतलं नाही तर ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत आणि ती हीट एस.जी. राहतच नाही. अप्पा आयुष्यात कधी उपदेश करत नाहीत. हा पण उपदेश नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं मी का थांबलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरली आणि हो कळवलं. इरॅस्मसवाल्यांना पण माझं नाव काढा म्हणून मेल टाकला. आईला वाईट वाटलं, तिनं शेजारी युरोपचं सांगून ठेवलं होतं. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले बरं झालं, बेंगळुरू जवळ आहे, रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसला बसलं की सकाळी पोचतो, आणि मग तोच दिव्याचा प्रश्न परत विचारला. मी म्हटलं काका, दिवे नाही, भट्टी लावणार. त्यांना विनोद कळला नाही.

आता कामं आहेत. रिझल्ट आला की पी.डी.सी., म्हणजे डिग्रीचं तात्पुरतं सर्टिफिकेट, काढायचं, जातीचा दाखला नव्या तारखेचा पाहिजे, मेडिकल सर्टिफिकेट, आणि फेज डायग्रॅम परत पहिल्यापासून, कारण ऑगस्टमध्ये वर्गात मेटलर्जीची पोरं असणार आणि मी मेकॅनिकलचा. अप्पा सोडायला येतो म्हणतायत. मला सोडायचं निमित्त, खरं त्यांना तिथली फर्नेस बघायचीय. मी सांगितलं की अप्पा तिथं आर्क मेल्टिंगला एका वेळी चाळीस-पन्नास ग्रॅमचं बटण वितळवतात, तुमच्यासारखं टनात नाही.

"पन्नास ग्रॅम?" अप्पा म्हणाले. "एवढं तर आमचं लेडलला चिकटून राहतंय."